गोठू नये, वाहूही नये: एक्मोवरच्या रुग्णाच्या रक्तावर लक्ष कसं ठेवायचं

एक्मो म्हणजे हृदयाचं किंवा फुप्फुसांचं काम अंगाबाहेर करणारं यंत्र. त्यावरच्या मोठ्या माणसाचं रक्त मिनिटाला चार-पाच लिटरच्या वेगाने अंगाबाहेर येतं. नळ्यांतून, पंपातून आणि ऑक्सिजनेटरच्या हजारो बारीक तंतूंच्या जाळ्यातून फिरून ते परत आत जातं. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर सोडून दुसऱ्या कशालाही रक्त लागलं की ते गोठायला निघतं. ते गोठू नये म्हणून हेपारिन द्यायचं, आणि हेपारिनमुळे मेंदूत, फुप्फुसात किंवा पोटात रक्तस्राव होऊ नये म्हणून तासातासाला पहारा द्यायचा, असं हे काम आहे. एक्मोवर दगावणाऱ्या रुग्णांमध्ये रक्तस्राव आणि गुठळ्या यांचा वाटा मोठा असतो. त्यामुळे हा पहारा नीट झाला तर जीव वाचतात.

हा लेख एक्मो युनिटमध्ये नव्याने ड्युटी लागलेल्या सिस्टर, ब्रदर, रेसिडेंट आणि परफ्युजनिस्टसाठी आहे. आकडे मुख्यतः मोठ्या माणसांचे आहेत आणि बहुतेक युनिटांत वापरले जातात तेच आहेत. तुमच्या युनिटचा लेखी प्रोटोकॉल वेगळा असेल तर तोच पाळा. माझं सांगणं एवढंच की कुठल्याही एका टेस्टच्या आकड्यावर हेपारिन चालवू नका. आधी रुग्ण बघा, मग सर्किट बघा, मग रिपोर्ट वाचा. तिन्हींचा मेळ बसला तरच ड्रिपला हात लावा.

अंगात नेमकं काय चालतं

रक्त प्लास्टिकला लागताच काही क्षणांत फायब्रिनोजेन आणि इतर प्रथिनं त्यावर चिकटतात. त्या थरावर प्लेटलेट्स बसतात, फॅक्टर बारा (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांपैकी एक) जागा होतो आणि थ्रॉम्बिन तयार व्हायला लागतं. सर्किटला आतून लेप असतो, त्याने हे मंदावतं, पण थांबत नाही. हेपारिन स्वतः काही करत नाही. ते अँटीथ्रॉम्बिन या प्रथिनाला धरतं आणि त्याच्याकरवी थ्रॉम्बिन आणि फॅक्टर दहा-ए यांना निकामी करतं. म्हणजे अंगात अँटीथ्रॉम्बिनच कमी असेल तर हेपारिन कितीही ओतलं तरी हवा तसा परिणाम दिसणार नाही.

गुठळ्यांची भीती असतानाच रक्तस्रावाची कारणंही वाढत असतात. प्लेटलेट्स सर्किटमध्ये खर्ची पडतात आणि उरलेल्या नीट काम करत नाहीत. पंपातल्या घर्षणाच्या ताणाने व्हॉन विलेब्रँड फॅक्टरचे लांब रेणू उलगडतात आणि तुटतात. हे बहुतेक रुग्णांत पहिल्याच दिवशी होतं. म्हणून सगळे रिपोर्ट ठीक असताना नाकातून, हिरड्यांतून रक्त पाझरू शकतं. अशा वेळी ‘रिपोर्ट तर नॉर्मल आहे’ म्हणून गप्प बसू नये.

कॅन्युला घालण्याआधी

हिमोग्लोबिन, प्लेटलेट्स, पीटी-आयएनआर आणि एपीटीटी (लॅबमध्ये मोजलेल्या रक्त गोठायच्या वेळा), फायब्रिनोजेन, डी-डायमर (गुठळी विरघळल्याची खूण), एलडीएच, बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि बेडजवळचा एसीटी (ताजं रक्त किती सेकंदांत गोठतं ते) एवढं पाठवा. जमलं तर अँटीथ्रॉम्बिनही. धावपळीत हे राहून जातं आणि तिसऱ्या दिवशी प्लेटलेट्स ७० हजारांवर आल्या की मूळ किती होत्या ते कुणालाच सांगता येत नाही. गेल्या तीन महिन्यांत रुग्णाला हेपारिन मिळालं होतं का, हेही नातेवाइकांना आणि आधीच्या रुग्णालयाला विचारून लिहून ठेवा. अँजिओग्राफी, डायलिसिस, बायपास, काहीही. याचा उपयोग पुढे होतो.

हेपारिन सुरू करताना

कॅन्युला घालताना सहसा किलोमागे ५० ते १०० युनिट बोलस देतात. एसीटी खाली उतरत ठरलेल्या पट्ट्यात आला की ड्रिप सुरू होते, बहुधा तासाला किलोमागे ७.५ ते २० युनिट या दरम्यान. ऑपरेशन थिएटरमधून थेट एक्मोवर आलेल्या आणि छातीच्या ड्रेनमधून रक्त जाणाऱ्या रुग्णाला ड्रेन आटोक्यात येईपर्यंत हेपारिन थांबवता येतं. बायपासच्या यंत्रावर एसीटी ४८० सेकंदांच्या वर ठेवतात. तो आकडा डोक्यात ठेवून एक्मोवर हेपारिन चालवलं तर रुग्ण रक्तस्रावाने जाईल. इथली गरज निम्म्याहून कमी आहे, कारण यंत्र बंदिस्त आहे आणि दिवसच्या दिवस चालायचं आहे.

आता व्हायलकडे या. आपल्याकडे ५ मिलीच्या व्हायलमध्ये ५,००० युनिट आणि ५ मिलीच्याच व्हायलमध्ये २५,००० युनिट, अशी दोन्ही मिळतात. दिसायला सारखी, ताकद पाचपट. २५,००० युनिट ५० मिलीत केले तर १ मिलीत ५०० युनिट होतात. साठ किलोच्या रुग्णाला तासाला किलोमागे १० युनिट द्यायचे म्हणजे ६०० युनिट, म्हणजे तासाला १.२ मिली. चुकून ५,००० ची व्हायल भरली तर त्याच वेगाने तासाला १२० युनिटच जातील आणि रात्रीत ऑक्सिजनेटर गोठेल. उलटी चूक झाली तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून दोघांनी व्हायल वाचायची आणि सिरिंजवरच्या लेबलवर ‘१ मिली = किती युनिट’ हे मोठ्या अक्षरात लिहायचं. हँडओव्हर देताना मिली सांगू नका, युनिट सांगा. सिरिंज बदलायची वेळ आली की नवी भरून तयार ठेवा. हेपारिनचा असर साधारण तास-दीड तासात निम्म्यावर येतो, त्यामुळे ‘सिरिंज संपली होती, अर्धा तास गेला’ हेही चार्टवर यायलाच हवं.

दर तासाला: आधी रुग्ण

डोळ्यांच्या बाहुल्या बघा. दोन्ही सारख्या आहेत का, प्रकाशाला आकसतात का. झोपेचं औषध चालू असलेल्या रुग्णात मेंदूतल्या रक्तस्रावाची पहिली खूण बहुधा इथेच दिसते, किंवा अचानक वाढलेल्या रक्तदाबात, झटक्यात. कपाळावर एनआयआरएसचे (मेंदूतला ऑक्सिजन दाखवणारे) पॅच लावले असतील तर एकाच बाजूचा आकडा घसरतोय का ते पाहा. झोपेचं औषध थोडं कमी करून रुग्ण हातपाय हलवतो का, हे रोज एकदा तरी बघितलं पाहिजे.

मग कॅन्युलाच्या जागा. ड्रेसिंग भिजलंय एवढं लिहून भागत नाही, भिजल्याच्या कडेने पेनने रेघ मारून वेळ टाका. पुढच्या तासाला रेघ ओलांडली का ते कळतं. तोंड, नाक, ट्यूबमधून निघणारा कफ, रायल्स ट्यूबमधला रंग, लघवी, शौच, पोटाचा घेर, मांडीची सूज. लघवी कोकमाच्या सरबतासारखी दिसायला लागली तर रक्तस्राव आणि रक्तपेशी फुटणं, या दोन्हींचा विचार करा.

व्हीए एक्मो (शिरेतून काढलेलं रक्त धमनीत सोडणारं) असेल तर मांडीत कॅन्युला असलेला पाय दुसऱ्या पायाशी ताडून बघा. रंग, गारवा, डॉपलरने नाडी. आणि आर्टरियल लाइनची लाट बघा. ती सपाट झाली असेल तर हृदय झडप उघडत नाहीये, डाव्या कप्प्यात रक्त साचून आहे, आणि नदीचं पाणी थांबतं तिथे गाळ बसावा तशी तिथे गुठळी बसते. हे एपीटीटी सांगणार नाही. लगेच इको करायला सांगा. डाव्या कप्प्यात धुरासारखं फिरणारं रक्त दिसलं की कप्पा मोकळा करण्याचा निर्णय तातडीने घ्यावा लागतो.

एक्मोवरच्या रुग्णाला इंट्रामस्क्युलर इंजेक्शन नको, गरज नसताना नवी सुई नको. सक्शन हळू आणि मोजक्या खोलीपर्यंत. नाकातून नळी घालायची वेळ आली तर वरिष्ठांनी घालावी. साध्या सक्शनने सुरू झालेला रक्तस्राव दोन-दोन दिवस थांबत नाही.

मग सर्किट

हातात चांगला पांढरा टॉर्च घ्या. रुग्णाच्या कॅन्युलापासून सुरुवात करून नळीच्या वाटेने पुढे जा, प्रत्येक जोड, प्रत्येक थ्री-वे, पंपाचं डोकं, ऑक्सिजनेटरची येणारी बाजू, जाणारी बाजू, चारी कोपरे. प्रत्येक ड्युटीत निदान एकदा पूर्ण फेरी, आणि हँडओव्हरच्या वेळी दोघांनी मिळून. काळे-तपकिरी ठिपके म्हणजे गुठळी, पांढरट दोरे म्हणजे फायब्रिन. रक्त जिथे वळतं किंवा मंदावतं, म्हणजे जोड आणि ऑक्सिजनेटरचे कोपरे, तिथे ती पहिल्यांदा दिसतात.

गुठळी कुठल्या बाजूला आहे ते महत्त्वाचं. ऑक्सिजनेटरच्या आधी असेल तर पुढे तो चाळणीचं काम करतो. लहान, न वाढणारी गुठळी मार्करने वर्तुळ काढून, वेळ टाकून पाहत राहता येते. ऑक्सिजनेटरच्या नंतर असेल तर ती थेट रुग्णात जाऊ शकते, आणि व्हीए असेल तर मेंदूत. त्या बाजूला ५ मिलिमीटरपेक्षा मोठी किंवा वाढत जाणारी गुठळी दिसली तर रात्र असो वा पहाट, परफ्युजनिस्ट आणि कन्सल्टंटला उठवा. नळीवर टिचक्या मारून गुठळी सोडवायचा प्रयत्न कुणीही करायचा नाही.

टॉर्चला न दिसणारी गुठळी दाबांत दिसते. ऑक्सिजनेटरच्या आधीचा दाब वजा नंतरचा दाब, हा फरक दर तासाला फ्लो आणि आरपीएमसोबत लिहा. नुसता फरक लिहिला तर काही कळत नाही, कारण फ्लो वाढवला की तोही वाढतोच. फ्लो तोच असताना फरक चढत असेल तर आत काहीतरी साचतंय. त्याच वेळी आरपीएम तेच असून फ्लो उतरत असेल तर शंका पक्की होते. पंपाचा आवाज बदलला, घरघर किंवा कंप आला आणि त्याच दिवशी रक्तपेशी फुटण्याचे आकडे उसळले, तर पंपाच्या डोक्यातच गुठळी आहे असं धरून चाला.

ऑक्सिजनेटर गॅसही नीट देईनासा होतो. १०० टक्के ऑक्सिजनवर ऑक्सिजनेटरनंतरच्या रक्तात ऑक्सिजनचा दाब २०० च्या खाली येत असेल, किंवा कार्बन डायऑक्साइड काढायला स्वीप (ऑक्सिजनेटरमधून सोडलेल्या गॅसचा वेग) रोज वाढवावा लागत असेल, तर बदलण्याची तयारी ठेवा. तयारी म्हणजे नवं सर्किट युनिटमध्ये आहे का, क्लॅम्प किती आहेत, रक्त राखून ठेवलंय का, हे दिवसाउजेडी तपासणं.

नमुना घेणं

चुकीचे रिपोर्ट बहुतेक वेळा लॅबमध्ये होत नाहीत, ते बेडजवळ होतात. रक्त काढताना हा क्रम पाळा.

१. हेपारिन ज्या लाइनमधून चाललंय तिथून, किंवा त्याच सेंट्रल लाइनच्या दुसऱ्या ल्युमेनमधूनही, काढू नका. आर्टरियल लाइनमधून काढा आणि तिच्या फ्लशमध्ये नुसतं सलाइन असू द्या.

२. आधी लाइनमधलं रक्त ओढून बाजूला घ्या, साधारण ५ मिली. बंदिस्त सॅम्पलिंगची सोय असेल तर तेच रक्त परत देता येतं.

३. निळ्या झाकणाची सायट्रेट ट्यूब खुणेपर्यंत भरा. नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट, हे प्रमाण ठरलेलं असतं. ट्यूब अर्धी भरली तर सायट्रेट जास्त होऊन एपीटीटी खोटा लांबतो.

४. ट्यूब हलक्या हाताने तीन-चार वेळा उलटीपालटी करा, जोरात हलवू नका. तळाला छोटी गुठळी दिसली तर तो नमुना टाकून द्या.

५. लगेच पाठवा. ट्यूब काउंटरवर पडून राहिली तर प्लेटलेट्समधून निघणारं प्रथिन हेपारिनला निकामी करतं आणि रिपोर्ट खरा आहे त्यापेक्षा कमी येतो. तासाभराच्या आत लॅबने ती फिरवलेली हवी.

६. फॉर्मवर ‘एक्मो, हेपारिन चालू’ आणि त्या वेळचा डोस लिहा.

एसीटी मात्र काढल्या काढल्या बेडजवळच लावायचा, आणि दर वेळी त्याच यंत्रावर. दोन वेगळ्या यंत्रांचे एसीटी एकमेकांशी जुळत नाहीत.

कोणती टेस्ट काय बोलते

एसीटी: थेंबभर रक्तात काही मिनिटांत उत्तर. बहुतेक युनिटांत १८० ते २२० सेकंदांचा पट्टा धरतात. सुरुवातीला तासाला, स्थिर झाल्यावर दोन ते चार तासांनी. पण कमी डोसच्या हेपारिनवर हा आकडा ढोबळ आहे. रक्त पातळ झालं, अंग गार पडलं, प्लेटलेट्स किंवा फायब्रिनोजेन घटलं तरी एसीटी लांबतो. पहिल्या काही तासांत आणि आणीबाणीत त्याचा उपयोग आहे, पुढे त्याच्यावर सगळी भिस्त ठेवू नये असं मला वाटतं.

एपीटीटी: मूळ आकड्याच्या दीड ते अडीच पट, साधारण ६० ते ८० सेकंद. रक्तस्रावाचा धोका असेल तर ४० ते ६०. दर सहा तासांनी. डोस बदलल्यावर स्थिर चित्र दिसायला चार-सहा तास जातात, त्यामुळे दोन तासांनी काढलेल्या एपीटीटीवर पुन्हा डोस बदलला की गाडी खालीवर होत राहते. बदल १० ते २० टक्क्यांचाच करा.

अँटी-टेन-ए: हेपारिनचं काम थेट मोजते, पट्टा ०.३ ते ०.७. फायब्रिनोजेन किंवा फॅक्टरच्या कमतरतेने ती फसत नाही. पण ही टेस्ट रंगावर चालते. कावीळ असेल, रक्तपेशी फुटून प्लाझ्मा लालसर झाला असेल, किंवा ट्रायग्लिसराइड चढलेले असतील तर आकडा खोटा कमी येतो.

फायब्रिनोजेन डेसिलिटरमागे १०० ते १५० मिलिग्रॅमच्या वर हवं, रक्तस्राव चालू असेल तर १५० ते २०० च्या वर. प्लेटलेट्स ५० हजार ते १ लाखाच्या वर, रुग्ण किती वाहतोय त्यावर. प्लेटलेट्स देताना सर्किटमध्ये नको, शक्यतो रुग्णाच्या शिरेतून द्या.

डी-डायमर एक्मोवर सगळ्यांचाच चढलेला असतो, म्हणून एकट्या आकड्याला अर्थ नाही. रोज एकदा पाहा. चार-पाच दिवस सपाट असलेला डी-डायमर एकदम दुप्पट-तिप्पट झाला, फायब्रिनोजेन आणि प्लेटलेट्स उतरल्या, आणि रुग्णाच्या अंगात नवं काही घडलेलं नाही, तर गुन्हेगार ऑक्सिजनेटर असतो. अशा वेळी सर्किट बदललं की आकडे एक-दोन दिवसांत खाली येताना दिसतात. लॅब बदलली तर एकक तपासा. डी-डायमर दोन एककांत देतात, एफईयू आणि डीडीयू, आणि पहिल्याचा आकडा दुसऱ्याच्या सुमारे दुप्पट असतो.

प्लाझ्मा फ्री हिमोग्लोबिन (पेशींबाहेर सुटलेलं) डेसिलिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या वर गेलं तर पेशी फुटताहेत. लहान शहरांतल्या पुष्कळ लॅबमध्ये ही टेस्ट होत नाही. तिथे एलडीएचचा रोजचा कल पाहा, लघवीचा रंग पाहा आणि लॅबला फिरवलेल्या ट्यूबमधला प्लाझ्मा कसा दिसतो ते विचारा. गव्हाळ-पिवळा ठीक, गुलाबी नाही.

टीईजी किंवा रोटेम (गुठळी कशी बनते त्याचा आलेख काढणारी यंत्रं) असेल तर त्याची खरी किंमत रक्तस्रावाच्या वेळी कळते. एकच रक्त हेपारिनेजसह (हे हेपारिनला नष्ट करतं) आणि त्याशिवाय लावलं की दोन आलेखांतला फरक म्हणजे हेपारिन. हेपारिनेज घालूनही आलेख बिघडलेलाच असेल तर दोष फॅक्टर, फायब्रिनोजेन किंवा प्लेटलेट्सचा आहे. हेपारिन कमी करून तो जाणार नाही.

आकडे एकमेकांशी भांडतात तेव्हा

उदाहरण घेऊ. साठ किलोचा रुग्ण, न्यूमोनियामुळे व्हीव्ही (शिरेतून काढून शिरेतच सोडणाऱ्या) एक्मोवर, सहावा दिवस. रात्री अडीचला लॅबचा फोन येतो, एपीटीटी १२० च्या वर. संध्याकाळी ६२ होता, डोस बदललेला नाही. सिस्टर विचारतात, “सर, हेपारिन बंद करू का?” रेसिडेंटने आधी बेडपाशी जावं. बाहुल्या सारख्या आहेत, ड्रेसिंग रेघेच्या आत आहे, ट्यूबमधला कफ पांढरा आहे, दाबांतला फरक कालचाच आहे. एसीटी लावला, १८८. चार तासांपूर्वी १९२ होता. मग प्रश्न विचारायचा, “सिस्टर, नमुना कुठून घेतला होता?” सेंट्रल लाइनमधून, कारण आर्टरियल लाइन नीट ओढत नव्हती. हेपारिन त्याच लाइनच्या दुसऱ्या ल्युमेनमधून चाललंय. आर्टरियल लाइन ठीक करून दुसरा नमुना जातो आणि ६४ येतो. या रुग्णाचं हेपारिन फोनवरच बंद झालं असतं तर सकाळपर्यंत ते कुणी सुरू केलं नसतं. मात्र हाच आकडा आला आणि रुग्ण कुठूनही वाहत असेल, तर ड्रिप लगेच थांबवा आणि मग दुसरा नमुना पाठवा.

नमुना बरोबर असूनही आकडे जुळले नाहीत तर असं वाचा. एपीटीटी लांब, अँटी-टेन-ए पट्ट्यात: हेपारिन पुरेसं आहे, पण फॅक्टर कमी आहेत. यकृत, सेप्सिस, डीआयसी (अंगभर रक्त गोठत जाऊन फॅक्टर संपणं), रक्त पातळ होणं. पीटी आणि फायब्रिनोजेन पाहा, गरजेप्रमाणे एफएफपी (गोठवून ठेवलेला प्लाझ्मा) किंवा क्रायो (त्यातूनच काढलेला, फायब्रिनोजेन जास्त असलेला भाग). एपीटीटी लांब, अँटी-टेन-ए कमी आणि बिलिरुबिन चढलेलं: अँटी-टेन-एवर विश्वास ठेवू नका, हेपारिन वाढवू नका. एपीटीटी आखूड, अँटी-टेन-ए पट्ट्यात: जंतुसंसर्गात फॅक्टर आठ आणि फायब्रिनोजेन भरमसाट वाढतात, एपीटीटी त्यामुळे आखूड दिसतो. रुग्ण आणि सर्किट स्वच्छ असेल तर डोस आहे तिथेच ठेवा.

दोन्ही कमी, आणि डोस मात्र दिवसाला ३५,००० युनिटच्या वर गेलेला: याला हेपारिनला दाद न देणं म्हणतात. आधी ड्रिप खरंच जातेय का ते बघा, लाइन सुटली आहे का, सिरिंज बरोबर भरली आहे का. मग अँटीथ्रॉम्बिन पाठवा. ते फार कमी असेल तर एफएफपी किंवा अँटीथ्रॉम्बिनचं इंजेक्शन देतात. इंजेक्शन महाग आहे आणि सगळीकडे मिळत नाही. काहीही दिलं तरी आधीचं हेपारिन एकदम काम करायला लागतं, म्हणून डोस आधीच उतरवा आणि एसीटी तासाला लावा. पुष्कळ युनिटं अशा वेळी अँटीथ्रॉम्बिनच्या मागे न लागता थेट बायव्हॅलिरुडिन या थ्रॉम्बिनलाच रोखणाऱ्या औषधाकडे जातात. मलाही तेच सोपं वाटतं.

रक्तस्राव सुरू झाला तर

दिसणारी जागा असेल तर दाब, टाके, सर्जनला फोन. त्याच वेळी हेपारिन कमी किंवा बंद. व्हीव्हीवर फ्लो चांगला, तीन लिटरच्या वर असेल तर हेपारिनशिवाय काही तास नव्हे, काही दिवसही सर्किट टिकतं. पावसाळ्यात मुंबईत आणि कोकणात लेप्टोचे रुग्ण फुप्फुसात रक्तस्राव होऊन येतात. त्यांच्यासाठी व्हीव्ही हेपारिनविना चालवता येतं ही मोठीच गोष्ट आहे. व्हीएवर ही मोकळीक कमी, कारण गुठळीची वाट मेंदूकडे जाते. हेपारिन बंद असताना सर्किटची फेरी दर तासाला, आणि नवं सर्किट हाताशी.

फायब्रिनोजेन, प्लेटलेट्स भरून काढा, अंग गरम ठेवा, कॅल्शियम बघा. ट्रानेक्झॅमिक ॲसिडचा विचार करा. प्रोटामिन टाळा, त्याने सर्किट गोठू शकतं. बाहुली बदलली तर हेपारिन थांबवून सीटी स्कॅन. यंत्रासकट स्कॅनपर्यंत जाणं अवघड असतं, पण ती तालीम युनिटने आधीच केलेली असावी.

प्लेटलेट्स पाचव्या दिवसानंतर पुन्हा पडल्या तर

पहिल्या दोन-तीन दिवसांत प्लेटलेट्स उतरतातच. त्या सावरून पाचव्या ते दहाव्या दिवसात पुन्हा निम्म्याहून खाली आल्या, किंवा ऑक्सिजनेटर वारंवार गोठायला लागला, तर हेपारिननेच ओढवलेला आजार, म्हणजे एचआयटी, मनात आणा. आधी हेपारिन मिळालेल्या रुग्णात हे पहिल्या-दुसऱ्या दिवशीही होऊ शकतं, म्हणून सुरुवातीलाच ती चौकशी करून ठेवायला सांगितलं. फोर-टी स्कोर (एचआयटीची शक्यता किती ते सांगणारा) काढा, पीएफ-४ अँटिबॉडी पाठवा. शंका मध्यम किंवा जास्त असेल तर रिपोर्टची वाट न पाहता हेपारिन बंद. बंद म्हणजे सगळीकडचं: ड्रिप, लाइनचे फ्लश, डायलिसिस कॅथेटरमधला लॉक, सर्किटला हेपारिनचा लेप असेल तर तेही सर्किट बदलायचा विचार. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट्स भरायच्या मागे लागू नका.

बदली औषध बायव्हॅलिरुडिन किंवा अर्गाट्रोबान. यकृत बिघडलं असेल तर अर्गाट्रोबान साचतं, मूत्रपिंड बिघडलं असेल तर बायव्हॅलिरुडिनचा डोस कमी लागतो. दोन्ही एपीटीटीवर चालवतात, अँटी-टेन-ए इथे निरुपयोगी. बायव्हॅलिरुडिनचा असर सुमारे २५ मिनिटांत निम्म्यावर येतो आणि थ्रॉम्बिन स्वतःच त्याला तोडतं. त्यामुळे रक्त जिथे थांबून असतं तिथे औषध संपतं आणि गुठळी होते: वापरात नसलेले थ्री-वे, ब्रिज, न धडधडणारा डावा कप्पा. दोन्हींवर उतारा नाही, थांबवणं हाच उपाय.

लहान मुलं

नवजात बाळात अँटीथ्रॉम्बिन आणि पुष्कळ फॅक्टर मुळातच कमी असतात, एपीटीटी मुळातच लांब असतो, हेपारिन किलोमागे जास्त लागतं आणि मेंदूतल्या रक्तस्रावाची भीती सर्वांत मोठी. रोज टाळूवरून डोक्याची सोनोग्राफी करावी. तीन किलोच्या बाळात सगळं मिळून पाव लिटरच्या आसपास रक्त असतं. दिवसाला चार मोठ्या निळ्या ट्यूब म्हणजे त्यातलं तीन-चार टक्के गेलं. लहान मुलांच्या ट्यूब मागवा, नमुने एकत्र काढा, बाजूला ओढलेलं रक्त परत द्या. “सिस्टर, एवढं रक्त रोज कशाला काढता?” असं आई विचारते तेव्हा तिला चार्ट दाखवून सांगा की आज किती मिली काढलं आणि त्यावरून काय ठरवलं. तिचा तो हक्क आहे.

उतरवताना आणि उतरवल्यावर

व्हीएवरून उतरवताना फ्लो दीड लिटरपर्यंत खाली आणतात. गुठळीचा धोका इथे झपाट्याने वाढतो. म्हणून फ्लो दोन लिटरच्या खाली न्यायच्या आधी एसीटी किंवा एपीटीटी पट्ट्यात आहे याची खात्री करा आणि तिथे रेंगाळू नका. व्हीव्हीला ही अडचण नाही, तिथे फ्लो तसाच ठेवून स्वीप बंद करतात.

कॅन्युला काढण्याआधी हेपारिन थोडा वेळ थांबवतात. जागेवरचं रक्त थांबलं की ते पुन्हा सुरू करायचं की नाही, हे त्याच दिवशी ठरवून लिहा. ज्या शिरेत कॅन्युला होती तिथे गुठळी राहून जाणं नेहमीचंच आहे. एक-दोन दिवसांत त्या शिरेचा डॉपलर करून घ्या, मानेत कॅन्युला असेल तर मानेचाही. गुठळी सापडली तर औषध किती महिने चालायचं ते डिस्चार्ज कार्डावर लिहा, आणि घरी नेणाऱ्या माणसाला तोंडीही समजावून सांगा.